सात नंबरचा तारा

सात नंबरच्या ताऱ्याचं खरं काय ते ऋतुजाला शनिवारी सकाळी कळलं, आणि दुपारपर्यंत तिनं ते कुणालाही न सांगायचं ठरवूनही टाकलं.

ठरवायला फार वेळ लागला नाही. दमलेल्या माणसाला लागत नाही. आठवड्याचे पाच दिवस वारज्याहून खराडीला दुचाकीवर जायचं, तिथं विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायच्या, अख्खं पुणं पुन्हा ओलांडून घरी यायचं. आणि शनिवार-रविवार मेहेंदळे सरांच्या जुन्या वह्यांमधले तारे. असं चार वर्षं चाललं होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि आई म्हणायची तसं, बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज बसायला लागला होता.

दिगंबर मेहेंदळे सर शहात्तर वर्षांचे. पस्तीस वर्षांपूर्वी, दक्षिणेतल्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीतून, त्यांनी वृश्चिक राशीतल्या एका काळ्या ढगाच्या आसपासचे शेहेचाळीस तारे मोजले होते. आभाळात जिथं काहीच दिसत नाही अशी ती एक लहानशी जागा. सर तिला ‘घोंगडं’ म्हणायचे. घोंगडं किती लांब आहे, एवढा एकच प्रश्न होता. उत्तराचे सगळे आकडे वहीत होते, पण आधी संस्थेची कामं, मग विद्यार्थी, मग निवृत्ती, असं करत ते छापायचं राहिलं. ऋतुजा त्यांची शेवटची विद्यार्थिनी. पीएचडी झाली, नोकरी मिळाली नाही, खराडी मिळाली. तेव्हा तिनंच आपणहून म्हटलं होतं, “सर, वह्या मी टाइप करते.”

हे नेमकं काय चाललंय ते तिनं वडलांना एकदा सांगून पाहिलं होतं. संपत बराटे म्हणजे वारज्याचे जुने शेतकरी. आता शेतावर इमारती उभ्या आहेत आणि ते गच्चीत वांगी लावतात. संध्याकाळचं दोघं गच्चीत उभे होते, खाली हायवेचं काम चाललेलं, धुळीचा लोट उठलेला.

“आप्पा, त्या धुळीच्या अलीकडच्या गाडीचा दिवा कसा दिसतो?”

“पांढरा.”

“आणि पलीकडच्या?”

“तांबूस. मंद.”

“मग धूळ कुठं आहे?”

“शेवटचा पांढरा दिवा अन् पहिला तांबडा दिवा, त्यांच्या मधी. त्यात काय एवढं?” मग जरा थांबून ते म्हणाले, “पर एखादा दिवा मुळातच तांबडा आसला तर?”

ऋतुजाला हसू आलं होतं. एवढा नेमका प्रश्न तिच्या तोंडी परीक्षेत कुणी विचारला नव्हता. त्यासाठीच तर सगळा खटाटोप. एकेका ताऱ्याचा प्रकाश सात रंगांच्या काचांमधून मोजायचा, कुठल्या काचेतून किती आला ते पाहायचं. त्यावरून ताऱ्याची जात ठरते. जात कळली की त्याचा मूळचा रंग कळतो, मूळचं तेज कळतं. मूळच्याहून जास्त तांबूस दिसला तर ती मधल्या धुळीची करणी; धुळीची वजाबाकी करून उरलेल्या मंदपणावरून अंतर. शेवटचा स्वच्छ तारा चारशे नव्वद प्रकाशवर्षांवर निघाला, आणि धुळीनं माखलेला पहिला तारा साडेपाचशेवर. तो सात नंबरचा. म्हणजे घोंगडं पाचशेवीसच्या आसपास. अंतर इतकं नेमकं ठरलं, याचं सगळं पुण्य सात नंबरचं.

निबंध लिहून झाला, पाठवला, परीक्षकांनी मान्य केला. आता प्रूफ आलं होतं. रविवारी दोन्ही लेखकांची संमती गेली की सोमवारी ‘स्वीकृत’ असं पत्र येणार. सोमवारीच एका विज्ञान संस्थेतल्या जागेच्या अर्जाची शेवटची तारीख, आणि त्या अर्जाला स्वीकृत निबंध जोडावा लागणार होता. वयाची अट पस्तीस. ऋतुजाला पुढच्या महिन्यात छत्तिसावं लागत होतं. पुढची जाहिरात आली तरी ती तिच्यासाठी नसणार.

आणि शनिवारी सकाळी, पोहे खाता खाता, उगाच म्हणून तिनं घोंगड्याचं एक नवं, अगदी बारीक छायाचित्र उघडलं. निबंधात सोबत छापायला सुंदर दिसेल, एवढाच हेतू. सात नंबरच्या जागी दोन तारे होते.

एकमेकांना खेटून दोन ठिपके. एक अलीकडचा, पांढरा, धुळीचा स्पर्शही नसलेला. दुसरा कित्येक हजार प्रकाशवर्षं मागं, तांबडा भडक. सरांच्या यंत्रात दोघांचा प्रकाश एकत्र पडला होता आणि त्यातून एक तिसराच तारा तयार झाला होता: मध्यम, किंचित तांबूस, साडेपाचशे प्रकाशवर्षांवरचा. असा तारा आभाळात कुठंच नव्हता.

त्याहून जास्त खुपलं ते दुसरंच. सगळ्या शेहेचाळीस ताऱ्यांची अंतरं तिनं उपग्रहाच्या मोजणीशी ताडून पाहिली होती. एकट्या सातचं जुळलं नव्हतं, आणि तिनं स्वतःच्या हातानं रकान्यात लिहिलं होतं: ‘उपग्रहाची मोजणी संशयास्पद’. सरांचा आकडा आणि उपग्रहाचा आकडा वेगळे आले, तर ती उपग्रहालाच खोटं म्हणाली होती. दुसऱ्या कुणाच्या विद्यार्थिनीनं हे केलं नसतं.

सात काढला, तर माखलेला पुढचा तारा थेट आठशेवर होता. मग घोंगडं चारशे नव्वद ते आठशेच्या मध्ये कुठंतरी. हे तर लोकांना आधीपासून माहीत होतं. त्यावर निबंध कसला?

कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. सर शहात्तर वर्षांचे होते. एवढं त्यांना असू दे, असं तिनं मनाशी म्हटलं. त्यात स्वतःचं किती आणि सरांचं किती, ते काही तिनं वेगळं करून पाहिलं नाही.

कसबा पेठेच्या मेट्रो स्टेशनातून ती वर आली तेव्हा तीन वाजून गेले होते. सरांची इमारत नवी, आणि लिफ्टवर कागद: ‘लिफ्ट बंद आहे. कधी सुरू होईल विचारू नये.’ ती तीन जिने चढली.

दार श्यामलाकाकूंनी उघडलं. “ये. तारे आणलेस का पिशवीत? आमच्या घरात जागा नाही, आधीच सांगते.”

“प्रूफ आणलंय काकू. सरांची सही झाली की झालं.”

“सही? ह्यांची? लग्नाच्या नोंदणीच्या कागदावर सही करायला अर्धा तास घेतला होता. मला वाटलं बेत बदलला.” काकू चहा टाकायला गेल्या.

सर खिडकीशी बसले होते. ऋतुजानं कागद पुढं ठेवले. त्यांनी भिंग घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

“सर, मी सगळं तपासलंय. इथं सही केली की पुरे.”

“तू तपासलंयस हे ठाऊक आहे. मी नाही ना तपासलं.”

भिंग ओळीवरून सरकत राहिलं. पाऊण तासात तीन पानं. चहा गार झाला. तक्ता पाचव्या पानावर होता, आणि सात नंबर त्या तक्त्यातल्या सातव्या ओळीत. ऋतुजा त्या भिंगाकडे बघत राहिली. डोळे मिटत होते.

साडेचारला सरांनी भिंग ठेवलं. “राहिलेलं आल्यावर. कीर्तनाला उशीर नको.”

“सर, पाचच मिनिटं...”

“मुरलीधर थांबेल गं. तेजस्विनीताई थांबणार नाहीत. चल तूही. नाहीतरी इथं बसून काकूंचं ऐकावं लागेल.”

“माझं ऐकलं असतं,” आतून आवाज आला, “तर लोकांची कल्याणं झाली असती.”

मुरलीधराचं देऊळ दोन गल्ल्या पलीकडे. लहानसं. सभामंडपात पन्नास माणसं बसली की पुढच्यानं मागच्याच्या मांडीवरच बसावं. रोज पाच ते साडेसहा कीर्तन, आणि शनिवारी पेटीवर सर. एकवीस वर्षं. आधी माई कीर्तन करायच्या तेव्हा अठरा, आणि माई गेल्यावर तेजस्विनीताई आल्या त्याला तीन. खरं सांगायचं तर अशा कीर्तनांना येणारी माणसं आता मोजकीच उरलीत. पण जी येतात ती बुक्का लागेपर्यंत हलत नाहीत. बाहेरचं ओझं त्या उंबऱ्याशी चपलांबरोबर ठेवता येतं, हे एकदा ज्याला कळलं तो परत परत येतो. ऋतुजाला ते अजून कळलेलं नव्हतं. ती खांबाला टेकून बसली, आणि पाठ टेकल्याचंच तिला इतकं सुख झालं की रडू येईल असं वाटलं.

सर पाय धुवायला नळाकडे गेले होते. तेजस्विनीताई नऊवारी सावरत मधोमध उभ्या होत्या, फोनवर तानपुरा लावून हलकेच गुणगुणत होत्या. पन्नाशीची बाई, पण आवाज मोकळा, वर जाताना कुठंही न अडखळणारा. शेजारी तबल्यावर कोंडीराम. तांबट आळीतला, दिवसभर तांब्याचे हंडे ठोकणारा माणूस, हाताचे पंजे फावड्याएवढे. पण तबल्यावर पडताना त्या बोटांचा मऊपणा बघत राहावा.

सर आले, पेटीमागं बसले, भाता सोडला आणि सूर दिला.

ताईंनी लगेच बोट फिरवून फोनवरचा तानपुरा खाली आणला. कोंडीरामनं समोरचा तबला अलगद बाजूला सारला, मागच्या फडक्याखालून दुसरा काढला आणि पुढं घेतला. हे सगळं इतक्या सवयीनं झालं की मंडपात कुणाची मान वळली नाही. ऋतुजाची वळली. आयुष्य मोजण्यात गेलेल्या माणसाला एकाच्या जागी दोन दिसले की चैन पडत नाही, आणि आज तर नाहीच.

नमन झालं. पूर्वरंगाला ताईंनी विषय घेतला तो साधाच: देवापुढं जे न्यायचं ते झाकून नेऊ नये. हसवत, चिमटे काढत त्या सांगत होत्या. “आपण नैवेद्याचं ताट झाकून नेतो ते माश्यांसाठी हो, देवासाठी नाही. त्याला ठाऊक असतं, आज मीठ जास्त झालंय.” लोक हसले. टाळ वाजले. सगळं छान होतं, फक्त पद म्हणताना ताईंचा आवाज मघासारखा उघडत नव्हता. खालच्या ओळी घशात राहत होत्या. दोनदा त्यांनी पाणी घेतलं. सर मात्र डोळे मिटून, मान डोलवत, तन्मय होऊन वाजवत होते. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा म्हातारा दिसत नव्हता.

आख्यान संपलं, आरती झाली, बुक्का लागला. माणसं पांगली. सर देवासमोर उभे राहिले. कोंडीराम तबले पिशव्यांत भरत होता. लाल पिशवीत एक, निळीत एक. ऋतुजा उठता उठता सहज म्हणाली, “दादा, दोन तबले कशाला हो? वाजवलात तर एकच.”

कोंडीराम आपल्याच नादात होता. “हा ताईंच्या पट्टीचा, काळी चारचा. अन् हा पांढरी पाचचा, शनिवारचा. सर असले की हा लागतो.”

आणि मान वर करून त्यानं जीभ चावली. सर देवासमोरून कधीच वळले होते.

कुणीतरी बाहेर स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

“ताई,” सर म्हणाले, “तुमची पट्टी कोणती?”

“अहो सर, अर्ध्या सुराचा तर फरक आहे. त्यात काय...”

“मी पट्टी विचारली.”

“काळी चार.”

“आणि मी पांढरी पाच देतो.”

ताईंनी पदराला हात पुसले, ओले नव्हते तरी.

“माईंची पांढरी पाच होती,” सर स्वतःशीच म्हणाले. “हात तिथंच जातो. तीन वर्षं?”

“ताई आल्यापास्नं,” कोंडीराम खाली बघत म्हणाला.

“मला सांगायला काय झालं होतं? मी काय चावतो?”

“पहिल्या दिवशी तुम्ही सूर दिलात, मी घेतला,” ताई म्हणाल्या. “म्हटलं पहिलाच दिवस, वडीलधारं माणूस. पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारी वाटलं, आता सांगितलं तर म्हणाल, गेल्या वेळी गप्प का बसलात? असं करत करत... मग ते सांगण्यासारखं राहिलंच नाही सर. आणि वाजवताना तुम्ही इतके आनंदात असता.”

“हं,” सर म्हणाले. “माझ्या आनंदासाठी तुम्ही दर शनिवारी घसा धरून बसलात. यांनी तबला विकत घेतला.”

“इकत न्हाई, घरातच होता,” कोंडीराम म्हणाला. त्या खुलाशानं बिघडलेलं काही सुधारलं नाही.

सरांनी पेटीवर फडकं टाकलं. नीट टाकलं, चारी कोपरे ओढून. “पुढच्या शनिवारी काळी चार,” एवढंच म्हणाले आणि चपलांकडे गेले.

परतताना ते नेहमीपेक्षा हळू चालत होते. गल्लीत भाजीवाल्या उठायच्या तयारीत होत्या. ऋतुजा अर्धं पाऊल मागं.

“सगळ्यांना ठाऊक होतं,” सर म्हणाले. “पुढच्या रांगेतल्या जोशीबाईंना सुद्धा असणार. त्या माझ्याकडे बघून हसायच्या. मला वाटायचं, काय छान वाजवतोय मी.”

“छानच वाजवता सर.”

“चुकीच्या पट्टीत.” पाच-सात पावलं गेली. “राग नाही आला मला. ताई वाईट बाई नाही. पण तीन वर्षं लोकांनी मला सांभाळून घेतलं आणि मला पत्ता नाही. म्हणजे मी त्यांच्यात नव्हतोच. मी लहान मुलासारखा मधोमध बसलेलो, आणि सगळे माझ्याभोवती खेळ मांडून उभे.” ते थांबले, दम घ्यायला. “तुला ठाऊक असतं तर तू सांगितलं असतंस. निदान तू.”

ऋतुजानं हो म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं. पेटीबद्दल तिला खरंच काही ठाऊक नव्हतं.

“सर, सात नंबर दोन तारे आहेत.”

ते वळले नाहीत. भाजीवालीनं पाणी मारलेल्या कोथिंबिरीकडे बघत उभे राहिले.

“आज सकाळी बघितलं. एक अलीकडचा, स्वच्छ. एक खूप मागचा. तुमच्या यंत्रात एकत्र आलेत. सात गेला की आपलं अंतर जातं.”

“सकाळी बघितलंस.”

“हो.”

“आणि दुपारी माझी सही मागत होतीस. दोनदा.”

“हो सर.”

“माझ्यासाठी?”

तिला खोटं सांगायचा सुद्धा कंटाळा आला होता. “तुमच्यासाठी आहे असं ठरवलं होतं. जास्त माझ्यासाठी. सोमवारी अर्ज आहे.”

“वा,” सर म्हणाले. “आज माझा वाढदिवस वगैरे आहे काय? सगळे एकाच दिवशी सत्यं वाटायला निघालात.” मग काठी उचलून पुढं चालायला लागले. तीन जिन्यांत दोनदा थांबले. दाराशी आल्यावर म्हणाले, “भोक.”

“काय सर?”

“त्या यंत्राला चकती होती. लहान, मध्यम, मोठं भोक. हव्या त्या ताऱ्याएवढाच प्रकाश आत जावा म्हणून. मध्यम लावायचो आम्ही. पण एकदा दुर्बीण फिरवणारी मोटर घसरायला लागली, तारा सारखा भोकातून पळायचा. बोटं गारठलेली. मी म्हटलं, मोठं लावू. मी वहीत लिहिलं असणार. काढ बरं तिसरी वही.”

तिसरी वही कपाटातून निघाली. पानं पिवळी, अक्षर बारीक आणि ताठ. सात नंबरचे सात आकडे ऋतुजाला पाठ होते. त्या आकड्यांच्या शेजारी, समासात, पेन्सिलीनं, उभं लिहिलेलं होतं: ‘मोठं भोक. पुन्हा मोजणे.’

ऋतुजा त्या दोन ओळींकडे बघत राहिली. चार वर्षांपूर्वी हे पान तिनं टाइप केलं होतं. आकडे केले होते. समास केला नव्हता. एकाही पानाचा केला नव्हता.

“दुसऱ्या दिवशी मोटर दुरुस्तीला गेली, मग आमची पाळी संपली,” सर म्हणाले. “पुन्हा मोजणे राहिलं. आणि नंतर मीच विसरलो की राहिलंय.”

“मी समास बघितलाच नाही सर.”

“मी लिहून विसरलो, तू न वाचता टाइप केलंस. जोडी चांगली आहे.” ते खुर्चीत बसले, अंग टाकल्यासारखे. “बस. पत्र लिही.”

काकू दारात येऊन उभ्या होत्या. दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांनी जिभेवर आलेलं काहीतरी गिळलं आणि आत जाऊन दोन वाट्यांत उपमा घेऊन आल्या. “आधी खा. चुका काय, कुठं पळून जात नाहीत.”

ऋतुजानं मांडीवर लॅपटॉप घेतला. प्रूफ मागं घेत असल्याचं संपादकांना कळवायचं होतं. तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. सरांनी वाचून दाखवायला सांगितलं.

“‘सात क्रमांकाच्या ताऱ्याच्या मोजणीबाबत काही अनिश्चितता आढळल्यामुळे...’”

“अनिश्चितता कसली? दोन तारे आहेत. दोन तारे आहेत असं लिही.”

तिनं लिहिलं.

“पुढं?”

“‘ढगाचं अंतर चारशे नव्वद ते आठशे प्रकाशवर्षांच्या दरम्यान असावं.’”

“असावं नाही. आहे. आणि पुढं लिही, याहून नेमकं आम्हाला माहीत नाही.”

“सर, हे असं कुणी लिहीत नाही.”

“म्हणून तर ही वेळ येते. लिही.”

“चूक कुणाची म्हणून लिहू?”

सरांनी उपम्याचा घास थांबवून विचार केला. “भोक माझं, समास तुझा. ‘आमची’ लिही. वर दोघांची नावं आहेतच.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आप्पा.

“बाई, भरला का फारम?”

“नाही आप्पा. नाही भरता येणार आता. ते अंतर चुकलं.”

पलीकडे हायवेचा आवाज चालू होता. “लय चुकलं?”

“चुकलं म्हणजे, एक दिवा धरला होता तो एक नव्हताच. दोन होते.”

“लांबून तसंच दिसतं,” आप्पा म्हणाले. “मंग आता?”

“आता काही नाही. सोमवारी खराडी.”

“बरं. वांगी तोडलीत. जेवायला हायेस ना?”

“आहे. थोडा उशीर होईल.”

तिनं फोन ठेवला. डोळे भरून आले होते, पण ते दुःखानं की थकव्यानं हे तिला स्वतःला सांगता आलं नसतं. सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी मात्र उठून गेलं होतं. त्या जागी काही आलं नव्हतं; नुसती मोकळी जागा. सर तिच्याकडे बघत होते.

“पस्तीसची अट ना ती?”

“हो.”

“मी कुणाला तरी चार शब्द लिहू शकतो. माझ्या शब्दाला आता काय वजन असेल, ठाऊक नाही. आजपर्यंत होतं ते खरंच होतं की लोक सांभाळून घेत होते, तेही कळायला मार्ग नाही.”

“नको सर.”

“मी विचारलं नाही, सांगितलं.” त्यांनी हात पुढं केला. “दे इकडं. पाठवायचं कुठं दाबायचं?”

तिनं दाखवलं. सरांनी चष्मा वर केला, पत्र पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, अगदी सावकाश, आणि दाबलं. पत्र गेलं. खोलीत काही बदललं नाही. खाली गल्लीत कुणीतरी शटर ओढलं.

ऋतुजा वही मिटायला गेली तर सरांनी पानावर बोट ठेवलं. सातच्या वरच्या ओळीच्या समासातही पेन्सिलीची खूण होती. खालच्याही.

“मोटर एका ताऱ्यापुरती नव्हती घसरली,” सर म्हणाले. “सहा आणि आठही मोठ्याच भोकातून घेतलेत. ते तुझं बारीक छायाचित्र काढ.”

“आत्ता?”

“तुला उशीर होतोय का?”

तिनं घड्याळाकडे पाहिलं. सव्वासात. पाठ दुखत होती. काकूंनी काही न विचारता ट्यूबलाइट लावली आणि रिकाम्या वाट्या उचलल्या.

“नाही,” ती म्हणाली, आणि छायाचित्र उघडलं. “सहा घेऊ आधी?”

“सहा घे. आणि जे दिसेल ते सांग.”